माप श्रावणातलं

माझं वर्कशॉप चिपळूणच्या बाहेर, हायवेला लागून आहे. गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग, पत्र्याच्या शेड ही रोजची कामं. खुराडी हा त्यातला किरकोळ भाग. वर्षभर अधूनमधून एखादं काम येतं, एप्रिल-मेमध्ये जरा जोर धरतं, कारण पावसाच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई होते. पैसे ग्रिलमध्ये जास्त सुटतात. तरी खुराड्याचं काम आलं की माप घ्यायला मी स्वतः जातो, पोरांना पाठवत नाही. ग्रिलचं माप खिडकीच देते. खुराड्याचं माप गिऱ्हाइकाशी भांडून काढावं लागतं.

भांडणही ठरलेलं. "दहा कोंबड्या ठेवायच्यात, तीन बाय तीनचा पिंजरा टाका करून." मी म्हणतो, सहा बाय चार तरी लागेल. लगेच समोरच्याच्या तोंडावर दिसतं, हा लोखंड खपवायला बघतोय. त्याचं तरी काय चुकतं? खुराडं मोठं झालं की माझं बिल मोठं होतं, हे खरंच आहे. म्हणून मी तोंडाने फार बोलत नाही. टेप काढतो आणि जमिनीवर खडूने दोन्ही चौकटी आखतो.

लोखंडी अँगल वीस फुटी लांबीत येतो. सहा बाय चारच्या चौकटीचा घेर बरोबर वीस फूट. एक लांबी, एक चौकट, तुकडा उरत नाही. तीन बाय तीनला बारा फूट लागतो. म्हणजे चौकटीचं लोखंड दुप्पटसुद्धा होत नाही, आणि जागा मात्र नऊ चौरस फुटांवरून चोवीसवर जाते. पत्रा आणि जाळी वाढते, ते मी लपवत नाही. पण खुराड्यात खरा खर्च असतो तो दारं, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, वेल्डिंग आणि रंग यांचा, आणि ही मजुरी छोट्या पिंजऱ्यालाही जवळजवळ तेवढीच पडते. एवढं सांगितल्यावर निम्मी माणसं ऐकतात. उरलेली निम्मी म्हणतात, "बरं, मग पाच बाय पाच करा, घेर तोच आणि जागा एक फूट जास्त." हिशोब बरोबर आहे, पण बाहेर उभं राहून माणसाचा हात आत जेमतेम दोन-सव्वादोन फूट पोहोचतो. चार फूट रुंदीला दोन्ही बाजूंनी दार दिलं की प्रत्येक कोपरा हाताखाली येतो. पाच फुटाला मधला पट्टा कायम घाण राहतो, आणि खुडूक कोंबडी नेमकी तिथेच जाऊन बसते. उलट ज्यांना भिंतीलगतच्या बोळात बसवायचं असतं ते आठ बाय दोन मागतात. लोखंड तेवढंच, जागा सोळा फूट, आणि दोन फुटांच्या पट्ट्यात एक दांडगी कोंबडी मध्ये उभी राहिली की तिच्या पलीकडे कोणाला खाण्यापर्यंत जाता येत नाही.

तुसावर पाळलेल्या अंड्याच्या कोंबडीला दोन ते अडीच चौरस फूट, हे पोल्ट्रीवाल्यांचं जुनं माप आहे. बाहेर मोकळं फिरायला आठ-दहा फूट मिळाले तर उत्तम. हे आकडे कुठल्याही पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगतात. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की हे आकडे कुठल्या दिवशी लावायचे ते कोणी सांगत नाही.

दर दुसरं गिऱ्हाईक मला आपल्या आजीचं खुराडं सांगतं. "आमच्या आजीकडे पायरीच्या बाजूला एवढंसं खुराडं होतं, वीस कोंबड्या मावायच्या. तेव्हा कुठे होती तुमची जाळी?" असं खुराडं आमच्या घरीही होतं. ओट्याला लागून चिऱ्याचं, तीन बाय दीड फुटाचं, पुढे सरकती फळी. आणि खरंच त्यात पंधरा-वीस पक्षी सहज झोपत. पण फटफटलं की फळी सरकायची, आणि ती सगळी फौज परसात, तिथून उकिरड्यावर, फणसाखाली, शेजाऱ्याच्या खळ्यात. परत यायची ती दिवेलागणीला. काही तर खुराड्यात शिरतच नसत, फणसावर चढून बसत. कोंबडीचं घर म्हणजे ते चार-सहा गुंठ्यांचं परसू होतं. खुराडं ही त्यातली नुसती खाट. आजीचं माप चुकलेलं नव्हतं, कारण परसू त्यात धरलेलं होतं.

ते परसू आता उरलेलं नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, मध्ये कंपाउंड उभी राहिली. हायवेच्या चौपदरीकरणात काहींच्या पुढच्या जागा गेल्या. शेजारणीने मिरचीची रोपं लावलीत, ती कोंबड्यांनी उकरली की संध्याकाळी दारात भांडण. गावात कुत्री वाढलीत. त्यामुळे कोंबडी दिवसाही आतच राहते, आणि माप मात्र आजीचं. या एका गोष्टीवरून मी जितक्या लोकांशी वाद घातलाय तितका मजुरीच्या दरावरून घातला नसेन.

२०२० सालच्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली होती, आठवत असेल. पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या मिळेल त्या भावाला विकल्या, काहींनी फुकट वाटल्या. मग टाळेबंदी लागली, आणि मुंबईचे चाकरमानी गावी आले. हाताला काम नाही, खिशातले पैसे संपत चाललेले, आणि मागे पडकं का होईना, पण आवार आहे. त्या मे महिन्यात मला खुराड्यांसाठी जेवढे फोन आले तेवढे आधी कधी आले नव्हते. गॅस सिलिंडर आणि वेल्डिंगच्या कांड्या मिळवण्यातच माझा अर्धा दिवस जायचा.

त्यातला एक तरुण गुहागरकडचा. लालबागला कुठेतरी नोकरी, ती सुटलेली. आंब्याच्या खोक्यात महिन्याची गिरिराज पिल्लं घेऊन आला होता, पंचवीस. गिरिराज ही बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली जात. दिसायला रंगीत, गावठीसारखी, पण अंगाने कितीतरी थोराड. कोंबडा तीन किलोच्या पुढे सहज जातो. हे त्याला माहीत होतं, म्हणून तर घेतली होती. गटारीला कोंबडे काढायचे, त्यात खर्च सुटेल, तलंगा अंड्याला ठेवायच्या, असा त्याचा हिशोब. पण माप काढताना त्याच्यासमोर होतं ते खोकं. पंचवीसही पिल्लं त्यात बसलेली डोळ्यांना दिसत होती. "दादा, चार बाय चार खूप झाला की."

पिल्लू बघून माप काढू नये. हे वाक्य मी तेव्हापासून सगळ्यांना ऐकवतो. त्याला मी मोठं करायला लावलं, पण त्याच्या खिशाला झेपेल तेवढंच, सहा बाय चार. त्या वर्षी श्रावण २१ जुलैला लागला. गटारीपर्यंत पिल्लं जेमतेम तीन महिन्यांची, कोंबड्यांचं वजन भरलेलं नाही, व्यापारी बोट लावून पाहायचा आणि भाव पाडून मागायचा. याने विचार केला, महिनाभर थांबू. पण पुढे श्रावण, आणि श्रावण संपतोय तोवर गणपती. आमच्याकडे त्या दिवसांत कोंबडी विकत घ्यायला कोण येणार? खाणारे तेच, घेणारे तेच, सगळे देवादिकांत. मिश्र पिल्लं घेतली की निम्मे नर निघतात; त्याचे बारा-तेरा कोंबडे रोज वाढत होते, रोज खात होते, आरवत होते आणि आपापसात रक्त काढत होते. बाहेर सोडावं तर आभाळ फाटलेलं. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा याच चार महिन्यांत.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, मी जाऊन पाहिलं. तेव्हापासून माप घेताना माझा प्रश्न बदलला. पूर्वी मी विचारायचो, कोंबड्या किती? आता विचारतो, श्रावणात किती असतील? कारण आमच्या भागात सगळ्या अडचणी एकदम याच दिवसांत येतात. विक्री बंद, उन्हाळ्यात घेतलेले पक्षी अंगाने भरलेले, आणि पाऊस असा की त्यांना दिवस दिवस बाहेर काढता येत नाही. बदकासारखं कोंबडीच्या अंगावरून पाणी ओघळून जात नाही. ती भिजते, पंख जड होतात, आणि भिजलेली कोंबडी ओल्यात उभी राहिली की आजारी पडते. म्हणून ती स्वतःच आत थांबते. वर्षातले आठ महिने जे खुराडं ऐसपैस वाटतं, तेच या दोन महिन्यांत कोंदट होतं. खुराडं करायचं ते त्या दोन महिन्यांसाठी.

पावसात जागा कमी पडली की पहिला बळी खाली अंथरलेल्या तुसाचा जातो, आणि त्यामागचं गणित मला एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांनी शिकवलं. ते माझं गिऱ्हाईकच होते, दोन गेटं करून घेतली होती. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते. दहा कोंबड्यांची रोज किलोभर. ती चोवीस फुटांत पसरली तर तूस ती पिऊन टाकतं, अधूनमधून खालवर केलं, थोडा चुना भुरभुरवला की कोरडं राहतं. तीच नऊ फुटांत पडली की दोन दिवसांत ढेकळं होतात. मग वास सुटतो. तो वास उभ्या माणसाला जेव्हा जाणवतो, तेव्हा कोंबडीने तो कितीतरी आधीपासून घेतलेला असतो, कारण अमोनिया तुसातून निघतो आणि तिचं नाक तुसापासून वीतभर वर. "खाली बसून श्वास घे," ते मला म्हणाले. मी त्या गुहागरच्या खुराड्यात बसलो होतो, डोळ्यांतून पाणी आलं. ओल्या तुसातच रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात, आणि ती पिल्लांना लागली की आठवड्यात टोपलीभर पिल्लं पुरावी लागतात. लोक औषधाला धावतात. औषध लागतंच, पण ओल गेली नाही तर ते पुन्हा पुन्हा लागतं.

यावर मी करतो ते अगदी साधं. खुराड्याला लागून एक पडवी काढतो, तिन्ही बाजूंनी जाळी, वर पत्रा. रात्रीची जागा पक्की आणि बंदिस्त, दिवसाची जागा उघडी पण छपराखाली. पैसे कमी असतील तर खुराडं लहान चालेल, पडवी लहान चालणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. छपराची वळचण अडीच-तीन फूट पुढे काढायची, कारण आमचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. पश्चिमेच्या बाजूला जून लागायच्या आत झावळांच्या झडी बांधायच्या, जशा जुन्या माणसांनी पडवीला बांधल्या. प्लास्टिकचा कागद लावू नये. तो हवा कोंडतो आणि आतला दमट वास आतच राहतो. आणि खाण्या-पाण्याची भांडी खालची जागा खातात हे कोणी धरत नाही. ती टांगायची किंवा बाहेरून अडकवायची. दहा कोंबड्यांचं भांडं आणि पाण्याचा डबा मिळून एका कोंबडीची जागा सहज जाते.

मे महिन्याची कथा वेगळी. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून ती धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरून उभी राहते. वर तापलेला पत्रा, डोक्यापासून दोन फुटांवर, आणि भोवती दहा गरम अंगं. त्या दिवसांत त्यांना एकमेकींपासून लांब उभं राहायचं असतं. म्हणून उंचीत मी काटकसर करू देत नाही. पत्र्यावर पेंढा किंवा झावळ्या टाका म्हणून सांगतो. ऐकतात थोडे. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन आत कमी शिरतं, हे मात्र सगळे ऐकतात, कारण त्यात पैसे जात नाहीत आणि वास्तुशास्त्राचा वासही येतो.

खेडजवळच्या एका वहिनींनी मला वेगळ्याच कामाला बोलावलं होतं. त्यांच्या कोंबड्यांची पाठ उघडी पडत चालली होती, दोघींच्या शेपटीखाली जखमा. त्यांना वाटलं जाळीचं टोक लागतंय, म्हणून वेल्डरला फोन. जाळी ठीक होती. कोंबड्याच एकमेकींना टोचत होत्या. आठांसाठी केलेल्या खुराड्यात चौदा झाल्या होत्या, एकही विकत न आणता. खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली त्या दर वेळी दहा-बारा अंडी ठेवत. एकवीस दिवसांनी पिल्लं निघत, काही मुंगूस नेई, काही घार, उरलेली वाढत. घरचंच म्हटल्यावर मोजतं कोण!

कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याचा क्रम ठरलेला असतो. माझी मुलगी प्राणिशास्त्र शिकत होती, तिने सांगितलं की थॉर्लीफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा नीट अभ्यासून लिहिलं, आणि त्याने निरीक्षणं सुरू केली ती लहानपणी घरच्या कोंबड्यांवर. वहिनींना नॉर्वेचं कौतुक वाटलं नाही. "ते काय, आमच्या घरात बघा की," म्हणाल्या. पण मुद्दा जागेचा आहे. वरच्या क्रमाची कोंबडी अंगावर आली की खालचीने बाजूला व्हायचं, एवढ्यावर भांडण मिटतं. बाजूला व्हायला जागाच नसेल तर मिटत नाही, आणि एकदा रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. मी तिथे मधून जाळी टाकून दोन भाग केले, कोपऱ्यात एक आडोसा उभा केला, ज्याच्यामागे दबलेली कोंबडी दिसेनाशी होऊ शकते. बसायच्या दांड्या एकाच उंचीवर आणल्या. दांड्या पायऱ्यांसारख्या वरखाली असल्या की सगळ्यांना सर्वात वरच्या दांडीवरच बसायचं असतं, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास धिंगाणा चालतो. एका कोंबडीला आठ-दहा इंच दांडी धरायची. दहा कोंबड्यांना आठ फूट म्हणजे सहा फुटी खुराड्यात दोन दांड्या आल्याच, मध्ये फूट-सव्वा फूट अंतर ठेवून. दांडी लाकडाची, दोन इंच रुंद, कडा तासून. माझ्याकडे पाइपचे तुकडे पडलेले असतात, ते लावून दिले तर मला सोपं, पण गोल गुळगुळीत पाइपवर जड कोंबडी नीट बसत नाही. घरटं चार-पाच कोंबड्यांना एक पुरतं, फूटभर लांब-रुंद, दांडीपेक्षा खाली. वर ठेवलं तर त्यात झोपतात आणि अंडी घाणीने माखतात. चार घरटी केली तरी सगळ्या एकाच घरट्यासमोर रांग लावतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही. आणि अंड्यावर बसलेल्या कोंबडीला वेगळी दोन बाय दोनची खोली, हे आता मी न विचारता धरतो.

मोठं खुराडं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. एकाने दहा बाय वीसची शेड करून घेतली होती, आठ कोंबड्यांसाठी. मला काम मिळालं, मी केलं. दीड वर्षाने पत्रा बदलायला गेलो तर आत ऐंशीच्या वर पक्षी. गावठी, कडकनाथ, दोन टर्की, चार बदकं. रिकामी जागा माणसाला बघवत नाही. दर आठवडी बाजारातून एक-दोन आणायचा म्हणे, जागा होती म्हणून. उलट संगमेश्वरकडच्या एका मामींनी सहा बाय चारमध्ये इतकी वर्षं सातच कोंबड्या ठेवल्यात. आठवी झाली की विकतात, नाहीतर पाहुण्यांना वाढतात. त्यांच्या खुराड्याला आजवर माझा एकदाच हात लागला, गंजलेली बिजागरी बदलायला. धंद्याच्या दृष्टीने अगदी निकामी गिऱ्हाईक.

जाळीबद्दल दोन शब्द, कारण लोक जागेत वाचवतात आणि जाळीतही वाचवतात. षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते. मुंगसाला, उदमांजराला, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो. अर्धा इंची वेल्डमेश लावावी, आणि खाली ती जमिनीत फूटभर पुरावी किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी अंथरून वर दगड ठेवावेत. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशी उकरतं, दीड फूट मागे जाऊन उकरायची अक्कल बहुतेकांना नसते. तळाला मात्र जाळी नको, निदान जड पक्ष्यांना. तळपायाला गाठी होतात.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला. जुन्या माणसांना २००६ सालचं नवापूर आठवलं. देशात कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला तो तिथे. सूचना आल्या की परसातल्या कोंबड्या रानपाखरांत मिसळू देऊ नका, आत ठेवा. आमच्याकडेही भीती होती. ज्यांची खुराडी नुसती रात्रीपुरती होती त्यांची तारांबळ झाली. भर हिवाळा, ऊन छान, आणि कोंबड्या आत कोंडलेल्या, म्हणजे श्रावणच जानेवारीत आला. ज्यांच्याकडे छपराची पडवी होती त्यांनी कडेला बारीक जाळी लावली आणि भागवलं.

त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. बाजारपेठेत दुकानंच्या दुकानं बुडाली, खुराड्यांचा विचार कोण करतोय! पण त्यानंतर सखल भागातली माणसं मला गच्चीवर खुराडं मागायला लागली. गच्चीवर पाणी येत नाही, मुंगूस येत नाही, शेजारणीची मिरची नाही. गोष्ट पटण्यासारखी आहे. फक्त गच्चीवर जागा अगदी मोजकी असते. पाण्याची टाकी, वाळवणाची जागा, सोलरचा पॅनल, आणि मग जिन्याच्या खोलीमागे उरलेला पट्टा.

या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षक असाच पट्टा दाखवायला घेऊन गेले. सात बाय तीन. त्यांना दहा कोंबड्या हव्या होत्या, नातवंडं सुट्टीला येतात, ताजी अंडी मिळतील. मी खडूने आखलं, दांडीची जागा दाखवली, घरट्याची दाखवली, भांडी टांगली तरी किती उरते ते दाखवलं. पावसात गच्चीवरून त्यांना खाली परसात सोडता येणार नाही, म्हणजे हीच त्यांची रात्र आणि हाच दिवस. "सर, चार ठेवा. चार कोंबड्या तुम्हाला दिवसाआड दोन-तीन अंडी नक्की देतील, दोन माणसांना पुरे."

ते म्हणाले, पोल्ट्रीत तर पिंजऱ्यात एका कोंबडीला वहीच्या पानाएवढीही जागा नसते, तरी अंडी येतातच ना? येतात, खरं आहे. युरोपात तसले साधे पिंजरे २०१२ पासून बंद झाले, आपल्याकडे आहेत. पण त्या पिंजऱ्याला पंखे लागतात, डॉक्टर लागतो, विष्ठा खाली पडायला उंची लागते, आणि वर्ष-दीड वर्षाने सगळे पक्षी काढून नवे भरावे लागतात. तुम्ही यांना नावं देणार, नातवंडं खाऊ घालणार. नातवाने तर एकीचं नाव आधीच ठरवलं होतं.

सर विचार करून सांगतो म्हणाले. आठवड्याने कळलं की पुढच्या चौकातल्या फॅब्रिकेशनवाल्याने त्यांना सात बाय तीनचाच, पण दोन मजली करून दिला. खाली पाच, वर पाच. रंग चांगला मारलाय, जाताना दिसतो. वरच्या मजल्याची घाण खालच्यांवर पडू नये म्हणून मधे ट्रे लागेल, तो त्यात नाही. जुलैमध्ये फोन येईल बहुतेक. ट्रेचं माप मी घेऊन ठेवलंय, आणि ट्रे झाला तरी पाच कोंबड्या कुठे हलवायच्या त्याची जागाही जिन्याखाली बघून ठेवलीय.